कर्जतच्या कड्यावर एक सही

फार्महाऊस, रिसॉर्ट, धबधबे... कर्जतची ओळख एवढीच? इथल्या एका डोंगरात दोन हजार वर्षांची आर्ट गॅलरी आहे. एसी नाही, ऑडिओ गाईड नाही, काचेची कपाटं नाहीत. आणि कलाकाराची सही मात्र आहे!

म्युझियम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? मोठा घुमट, बॅगा ठेवायचं काऊंटर, ‘हात लावू नये’च्या पाट्या आणि शाळेच्या सहलीतली रांग. कुणी पॅरिसला जाऊन आलं की लूव्हरमध्ये ‘मोनालिसा’समोर किती गर्दी होती हे ऐकावंच लागतं. फोटोत डोकी जास्त आणि मोनालिसा कमी! त्या चित्राचं वय साधारण पाचशे वर्षं. आता जरा हिशेब करा. आपल्या सेंट्रल लाईनच्या कर्जत स्टेशनपासून रिक्षाने अर्ध्या तासावर त्याच्या चौपट जुनं काम उभं आहे, आणि मी गेले त्या बुधवारी तिथे मी, माझा एक आर्किटेक्ट मित्र, वटवाघळं आणि दोन माकडं एवढेच होतो.

कोंढाणे लेणी. काही जण कोंडाणे म्हणतात. ट्रेकर मंडळींना नाव ठाऊक असतं, कारण राजमाचीला कर्जतच्या बाजूने चढताना ती वाटेत लागतात. ‘वाटेत’ हाच प्रॉब्लेम आहे. तिथे बसायचं, पाणी प्यायचं, ग्रुप फोटो काढायचा आणि पुढे सुटायचं. मीही कॉलेजात असताना तशीच सुटले होते. या वेळी ठरवलं की राजमाची नाही, फक्त लेणी. एखाद्या म्युझियमला देतो तसा अख्खा दिवस द्यायचा.

कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके आपल्याला तसे रोजचेच. कर्जत म्हणजे गाडीला मागून इंजिन लागेपर्यंत प्लॅटफॉर्मवर उतरून घेतलेला दिवाडकरांचा बटाटेवडा. खालापूर म्हणजे एक्सप्रेसवेचा टोलनाका, आणि २०१३ पासून इमॅजिका. दोन्ही ठिकाणी आपण थांबतो ते पुढे जायला. गंमत म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही हेच चाललं होतं. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल बोरघाटाने वर देशावर जायचा. व्यापारी, बैल, तांडे, आणि त्यांच्याबरोबर बौद्ध भिक्खू. भिक्खूंना पावसाळ्यात तीन महिने एका जागी राहायला छप्पर हवं आणि व्यापाऱ्यांना पुण्य हवं. त्यातून घाटाच्या आजूबाजूला लेण्यांची माळच तयार झाली. वर कार्ले, भाजे, बेडसे आणि खाली उतारावर कोंढाणे. आजचं फूड मॉल, पेट्रोल पंप, लॉज... तेच, फक्त दगडात!

कर्जत स्टेशनवरून आम्ही रिक्षा केली. कोंदिवड्याच्या पुढे डांबर संपलं आणि पायवाट सुरू झाली. उजवीकडे उल्हास नदी. हो, तीच उल्हास, जी पुढे बदलापूर-कल्याणला जाऊन ओळखू येत नाही. इथे ती अजून पोरवयाची आहे. पाणी एवढं स्वच्छ की तळातले गोटे मोजावेत. तासाभराच्या चढाची झाडी दाट आणि दमट. वर राजमाचीच्या श्रीवर्धन आणि मनरंजन या बालेकिल्ल्यांची डोकी दिसतात, मग झाडं ती झाकून टाकतात. आणि अचानक झाडी संपते आणि समोर कडा उभा राहतो.

पहिल्या क्षणी तर मी नुसती मान वर करून उभी राहिले. कड्यात एक प्रचंड कमान. घोड्याच्या नालेच्या आकाराची, पिंपळपानासारखी वर टोकदार. कमानीच्या आत काळोख. दोन्ही बाजूंना, वर, अगदी पोहोचता येणार नाही अशा उंचीवर बारीक नक्षी. छोट्या छोट्या कमानी, कठड्यांच्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये चौकटी, आणि चौकटींतून डोकावणारी माणसं. जोडपी आहेत. एकाच्या हातात धनुष्य आहे. एक बाई अशा झोकात उभी आहे की तिला ‘जरा इकडे बघ’ म्हणावंसं वाटतं. पागोटी, जाडजूड कानातली, कंबरपट्टे... त्या काळचं फॅशन सप्लिमेंटच म्हणा ना! बौद्ध लेणं म्हणून गेलात तर बुद्धाची मूर्ती शोधू नका. हे सगळं साधारण इसवी सनपूर्व पहिल्या शतकातलं आहे. तेव्हा बुद्धाला माणसाच्या रूपात दाखवायची पद्धत इथे आलेली नव्हती. पूजा व्हायची ती स्तूपाची.

आत गेलं की तो स्तूप दिसतो. साडेनऊ फूट व्यासाचा, एकदम साधा, गोल घुमट आणि त्यावर चौकोनी हर्मिका. दालन पुढच्या कडेपासून मागच्या अर्धगोलापर्यंत ६६ फूट लांब, सव्वीसेक फूट रुंद आणि २८ फूट उंच. आकडे वाचून काही वाटत नाही, म्हणून असं समजा की नऊमजली नाही, पण तीनमजली बिल्डिंग आतून पोकळ करून तुम्हाला तिच्यात उभं केलंय. आणि हे बांधलेलं नाही हं, कोरलेलं आहे. म्हणजे वरून खाली दगड काढत काढत आलेत. चुकीला जागाच नाही. दगड एकदा गेला की गेला, अन्डू नाही!

दालनाच्या दोन्ही बाजूंनी खांबांची रांग होती. ‘होती’ म्हणते, कारण बहुतेक खांब खालून गायब आहेत. वरचे तुकडे छताला लोंबकळतायत, जमिनीवर बुंधे झिजून गेलेत, मधला भाग नाही. पहिल्यांदा बघताना ते फार विचित्र दिसतं. खांबाचं काम छत पेलणं, आणि इथे छतच खांबांना धरून बसलंय! मित्र हसला. ‘अगं, छताला खांब लागतच नाहीत इथे. अख्खा डोंगर एकसंध आहे. खांब ठेवलेत ते लाकडी इमारतीत असतात म्हणून.’

आणि मग त्याने जे दाखवायला सुरुवात केली त्यात आमची दुपार गेली. या लेण्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट लाकडाची नक्कल आहे. त्या काळात राजवाडे, विहार, घरं सगळं लाकडी. ते काही आज उरलेलं नाही. कोरणाऱ्यांनी डोंगरात शिरतानाही डोक्यात लाकडी इमारतच ठेवली. छताला लाकडी फासळ्या बसवल्या होत्या. त्या गेल्या, पण त्यांच्या खुणा छतावर दिसतात. भाज्याच्या चैत्यात तर मूळ लाकडी फासळ्या आजही जागेवर आहेत, एवढं जुनं सागवान! कोंढाण्यात चैत्याच्या शेजारी विहार आहे, म्हणजे भिक्खूंचं होस्टेल. साधारण २३ फूट रुंद आणि २९ फूट लांब हॉल, तिन्ही भिंतींत सहा सहा खोल्या आणि खोलीत झोपायला दगडी ओटा. त्या हॉलच्या छताकडे बघा. तुळया आणि आडव्या पट्ट्या इतक्या सफाईने कोरल्यात की सुताराने रंधा मारून आत्ताच खाली उतरावं. एकाही तुळईचा उपयोग शून्य. निव्वळ आठवण म्हणून कोरलेल्या.

हे ऐकताना मला खालापूर तालुक्यातलंच दुसरं एक ठिकाण आठवलं. चौकजवळचा एन. डी. स्टुडिओ. कला दिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी तो २००५ मध्ये उभारला. ‘जोधा अकबर’साठी (२००८) आग्र्याच्या किल्ल्याचा जो भव्य सेट लागला तो इथलाच. मास कॉमला असताना आमची स्टडी टूर तिथे गेली होती. दिवाण-ए-आमच्या लाल दगडी खांबावर मी टिचकी मारली तर ‘टक’ऐवजी ‘ढप’ आवाज आला. आतून पोकळ! तेव्हा आम्ही पोरं खूप हसलो होतो. पण विचार केला तर चौकला पीओपीने दगडाची नक्कल केली आणि तिथून फार लांब नसलेल्या कोंढाण्याला दगडाने लाकडाची. धंदा एकच, समोरच्याला दुसऱ्याच जागी उभं केल्याचा भास द्यायचा. देसाईंचं २ ऑगस्ट २०२३ रोजी त्याच स्टुडिओत निधन झालं. आजही चौकवरून कर्जतकडे वळताना तो स्टुडिओ आठवला की पोटात काहीतरी हलतं.

असो. आता येऊ या सहीकडे, कारण मी त्याचसाठी गेले होते.

चैत्याच्या कमानीच्या डाव्या हाताला, बाहेरच्या भिंतीवर, एका भव्य मूर्तीचं फक्त डोकं उरलंय. यक्ष असावा. बाकी शरीर ढासळून गेलंय. डोक्यावर भरगच्च पागोटं, त्यावरचं काम सोनाराने केल्यासारखं बारीक. चेहरा झिजलाय, तरी गालाची गोलाई हाताला जाणवेल अशी आहे (लावू नका!). आणि त्याच्या शेजारी ब्राह्मी लिपीतली एकच ओळ आहे :

कण्हस अंतेवासिना बलकेन कतं.

भाषा प्राकृत, म्हणजे मराठीची पणजीच. म्हणून तर अर्थ अर्धा आपोआपच लागतो. कण्ह म्हणजे कृष्ण. आपला कान्हा, कान्होबा तोच. अंतेवासी म्हणजे जवळ राहणारा, गुरूच्या घरी राहून शिकणारा शिष्य. कतं म्हणजे केलं. ‘कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं.’ बस्स!

यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणाले असते, पण तुलना करून बघा. घाटावर कार्ल्याला जा. तिथलं चैत्यगृह आपल्या देशातलं सर्वांत भव्य, १२४ फूट लांब. तिथे भूतपाल नावाच्या वैजयंतीच्या शेठजींचा लेख आहे, आणि तो सांगतो की मी पूर्ण करवलेलं हे शैलगृह अख्ख्या जंबुद्वीपात उत्तम आहे! बिल्डरच्या होर्डिंगवर शोभेल असं वाक्य. बहुतेक लेण्यांतले लेख असेच, पैसे देणाऱ्यांचे. अमक्याचं दान, तमक्याच्या बायकोचं दान, कुणी खांब दिला, कुणी पाण्याचं टाकं दिलं. पैसे कुणी दिले ते दगडात गेलं. हातोडा कुणी मारला ते गेलं नाही. कोंढाण्याच्या ओळीत दानाचा शब्दच नाही. इथे आहे ‘कतं’. केलं. म्हणून अभ्यासक बलकाकडे शिल्पकार म्हणून बघतात. आणि तोही कसा, तर स्वतःच्या नावाआधी गुरूचं नाव घालणारा. आपल्याकडच्या गवयांनी आधी कानाची पाळी पकडावी तसं.

या कण्हाची आणखी एक चटका लावणारी जोडी आहे. चाळीसगावच्या दक्षिणेला पितळखोऱ्याच्या लेण्यांत १९५० च्या दशकात साफसफाई करताना एक यक्ष सापडला. बुटका, ढेरपोट्या, डोक्यावर परडी घेतलेला आणि गालातल्या गालात हसणारा. त्याच्या हातावर कोरलंय की कण्हदास नावाच्या सोनाराने हे केलं. तोही साधारण याच काळातला. कण्ह आणि कण्हदास एकच, असं कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण एक सोनार दगडात काम करतो, आणि इकडे बलकाच्या यक्षाचं पागोटं दागिन्यासारखं घडवलेलं आहे, हे बघून डोकं भलत्या दिशेने धावतंच!

पितळखोऱ्याचा तो यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्यावर दिवे आहेत, पायाशी पाटी आहे, पहारा आहे. कोंढाण्याच्या यक्षावर पाऊस आहे. जून ते सप्टेंबर या कड्यावरून थेट लेण्यांसमोर धबधबा कोसळतो. फोटोत तो काय दिसतो! इन्स्टावर कोंढाणे शोधा, दहापैकी नऊ फोटो त्या पाण्याखाली भिजणाऱ्यांचे. पण तेच पाणी दरवर्षी दगडात मुरतं, भेगांत शिरतं. खांबांचे पाय उगाच नाही गेले. आतल्या भिंतींवर जागोजागी बाण घुसलेली हृदयं आणि इंग्रजी आद्याक्षरं कोरलीत. दगड खरवडायला बरीच मेहनत घेतलेली दिसते. मला त्यांचा राग आला, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. हे केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, २०१० मध्ये कायदाच तसा कडक झालाय. पण कायदा राबवायला तिथे माणूस दिसायला हवा ना.

खाली उतरताना एक काका भेटले. लिंबू-सरबताची टपरी, शनिवार-रविवारीच चालते, पण त्या दिवशी लाकडं न्यायला आले होते. विचारलं, ‘काका, लेणी कुणी केली म्हणतात इकडे?’

‘पांडवांनी ताई. एका रातीत. कोंबडा आरवला आणि काम ऱ्हायलं.’

‘आणि तिथे नाव लिहिलंय ते?’

‘नाव?’ ते थांबले. मी त्यांना बलकाची ओळ म्हणून दाखवली. त्यांनी दोनदा म्हणून घेतली. ‘कतं म्हंजे केलं व्हय... मग आमच्यातलाच की तो कोनी. पांडव कशाला नाव लिवतील?’

लॉजिक बिनतोड होतं.

जगाला या लेण्यांची खबर लागली त्याचीही गोष्ट छान आहे. १८८० मध्ये फर्ग्युसन आणि बर्जेस या दोघा साहेबांचं हिंदुस्थानातल्या लेण्यांवरचं मोठं पुस्तक आलं. वर दिलेली मापं त्यांच्याच काळापासूनची. त्यात बर्जेसने प्रामाणिकपणे नोंदवलंय की ही लेणी तीसेक वर्षांपूर्वी प्रथम लक्षात आणून दिली ती विष्णुशास्त्री नावाच्या पंडितांनी. ठाण्याचे कलेक्टर त्यानंतर येऊन गेले (तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यात होतं). म्हणजे शोध लावणारा साहेब, हे आपल्या डोक्यात बसलेलं समीकरण इथे तरी उलटं आहे. आणि डोंगराने सगळं दाखवून झालंय असंही नाही. २०१४ मध्ये याच परिसरातल्या एका नैसर्गिक गुहेत सुमारे ४० शैलचित्रं सापडल्याची बातमी आली होती.

त्याच सुमारास या खोऱ्याचं नाव पेपरात दुसऱ्या कारणाने गाजत होतं. कोंढाणे धरण. उल्हास नदीवर होणाऱ्या या धरणाला २०११ मध्ये मंजुरी मिळाली आणि महिन्याभरात त्याची उंची ३९ मीटरवरून ७१ मीटरवर गेली, खर्चाचा आकडाही चौपट झाला. सिंचन घोटाळ्याच्या चर्चेत ते सापडलं, काम थांबलं, चौकश्या लागल्या. २०१७ मध्ये प्रकल्प सिडकोकडे आला. कशासाठी? नवी मुंबई आणि विमानतळाच्या आसपास उभ्या राहणाऱ्या नव्या शहरांच्या पाण्यासाठी.

आता इथे आपला संबंध येतो. माझ्या ऑफिसच्या ग्रुपमधल्या तिघांनी पनवेलच्या पुढे फ्लॅट बुक केलेत. ब्रोशरमध्ये ‘चोवीस तास पाणी’ लिहिलेलं असतं, ते कुठून हे लिहिलेलं नसतं. मी पाणी नको म्हणणाऱ्यांतली नाही. टँकरच्या पाण्यावर अंघोळ करणाऱ्याने धरणाविरुद्ध भाषण करू नये, हे मला मान्य आहे. पण त्या बुधवारी नदीकाठी बसून डबा खाताना सारखं वाटत होतं की ज्या वाटेवरून दोन हजार वर्षं माणसं या कड्याकडे चढली, ती वाट, ती झाडी, काकांची टपरी आणि त्यांचं गाव, हे कुणाच्या तरी नकाशावर निळ्या रंगात आहे. धरणाच्या कागदांत मीटर आणि कोटी असतात. बलकाला त्यात कॉलम नाही. तुम्ही तो फ्लॅट घ्या, पण एकदा हे खोरं बघून घ्या. मग बिल्डरला पाण्याबद्दल विचाराल तेव्हा प्रश्न जरा वेगळा विचाराल.

मित्राने जाताना यक्षाच्या डोक्याचं स्केच केलं. त्याला दीड तास लागला. मी तोवर चौकटींतली जोडपी मोजत बसले आणि प्रत्येक वेळी आकडा वेगळा आला. वरच्या ओळीतली एक बाई सावलीत असते, ऊन फिरलं की मगच दिसते.

कसं जाल?
मुंबईहून कर्जत लोकल, सीएसएमटीवरून साधारण दोन तास. पुण्याहून येणाऱ्यांनी कर्जतला थांबणारी गाडी बघून घ्यावी. कर्जतहून कोंदिवडे दहा-बारा किलोमीटर, रिक्षा मिळते, येतानाची वेळ रिक्षावाल्या दादांशी आधीच ठरवून घ्या. तिथून लेण्यांपर्यंत तास ते दीड तासाचा चढ, चांगले बूट हवेत. पावसाळ्यात वाट निसरडी होते आणि ओढे अचानक भरतात. त्या काळात धबधब्यांवर बंदीचे आदेशही निघतात, ते पाहूनच निघा. शिल्पं नीट बघायची असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. सोबत दुर्बीण घ्या, वरच्या चौकटी तिच्याशिवाय दिसत नाहीत. पाणी आणि खाऊ बरोबर ठेवा, आठवड्याच्या मधल्या दिवशी टपरी बंद असते.